कॉलेजचं आवार आणि वाड्यावरची ६० घरं: रोजचा ७५ किलो ओला कचरा, पावसाळ्यात खत कसं सांभाळायचं?

पठारावरून (प्रश्न)

गोव्यात तिसवाडी तालुक्यातल्या एका पठारावर कॉलेजचं आवार आहे आणि खाली वाडा, म्हणजे वस्ती. दोघांनी मिळून ओल्या कचऱ्याचं आणि पालापाचोळ्याचं खत करायचं ठरलंय, जूनच्या आत काम सुरू व्हायला हवं. कॅन्टीन आणि हॉस्टेलची मेस मिळून रोज सरासरी ५० किलो निघतो: सालं, देठं, उरलेला भात, चपात्या, थोडी मासळी. वाड्यावरची ६० घरं तयार आहेत, घरटी ४०० ग्रॅम धरले तर २४-२५ किलो. आवारात आंबा, काजू, अकेशिया, सोनमोहर, गुलमोहर आणि बरेच माड. सध्या पानगळ चालू आहे आणि पानं झाडून जाळली जातात. जागा १५ बाय १० मीटर, खाली जांभ्याचा कातळ, उतार वाड्याकडे. पंचायतीचा तोंडी होकार आहे.

टाक्या किती आणि केवढ्या बांधायच्या? पावसात एकदा वास सुटला तर वाडा माघार घेईल, ते कसं टाळायचं? मासळी घ्यायची का? आणि वाड्यावर ज्यांचे माड आहेत त्यांना वाटतं की ढिगामुळे भुंगा वाढेल. त्यात तथ्य किती?

मोजमाप (उत्तर)

टाक्यांचं नंतर बघू. आधी पानं जाळणं आजच थांबवा, कारण तुमचा जून ते सप्टेंबरचा प्रकल्प आत्ता त्या आगीत जातोय. आपल्याकडे ओला कचरा बारा महिने येतो, पण सुकी पानं मुख्यतः डिसेंबर ते मार्चमध्ये पडतात आणि सगळ्यात जास्त लागतात ती पावसात. पानांचा साठा नसेल तर टाकी कितीही चांगली बांधा, जुलैत आत चिखलच होणार.

हिशेब असा. मेस आणि घरच्या कचऱ्यात पाऊण भाग पाणी असतं आणि त्याचं कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर २० च्या आसपास. ढीग नीट तापायला ते २५ ते ३० लागतं आणि ओलावा ५० ते ६० टक्के. सुक्या पानांचं गुणोत्तर ५० ते ६०. ७५ किलो कचऱ्यात ३० किलो कुटलेली सुकी पानं मिसळली की गुणोत्तर ३० जवळ येतं आणि ओलावा ५७ टक्क्यांच्या आसपास बसतो. रोज वजन करत बसायला नको: एक बादली ओला कचरा, दोन बादल्या कुटलेली पानं. न कुटलेली असतील तर तीन-चार बादल्या, पण तरी काम तितकं चांगलं होत नाही.

पावसाचे १२० दिवस धरा. ३० किलोप्रमाणे ३,६०० किलो पानं झाली. तांदळाच्या ५० किलोच्या पोत्यात कुटून पायाने दाबलेली पानं ८ ते १० किलो मावतात, म्हणजे सुमारे ४०० पोती. चवथीसाठी (गणेश चतुर्थी) आणखी ५० वेगळी ठेवा. त्या दिवसांत घराघरांतून निर्माल्य, केळीची पानं आणि माटोळीची (गणपतीवर टांगतात त्या मांडवीची) फळं-पानं एकदम येतात आणि बाहेर पाऊस चालूच असतो. माटोळी घेताना तार आणि नायलॉनचा दोरा काढूनच घ्यायचा, नाहीतर तो दोरा पुढे फावड्याला आणि चाळणीला गुंडाळत राहतो.

सगळी पानं सारखी नसतात. सोनमोहर आणि गुलमोहराची पानं बारीक, ती तशीच घाला. आंबा, काजू, फणस यांची पानं चामड्यासारखी असतात, वर मेणाचा थर. ती अख्खी घातली तर कौलांसारखी एकावर एक बसतात आणि खालची हवा बंद करतात. ढीग उघडल्यावर आत ओले, काळे, चिकटलेले पत्रे निघतात, पानाची शीरसुद्धा मोडलेली नसते. ही कुटायलाच हवीत. अकेशिया कुटूनही हळू कुजतं, म्हणून एकूण पानांत ते चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका.

कुटणं फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच उरका. पान हातात चुरडल्यावर कुरकुर वाजलं पाहिजे. दमट पान कुटायच्या यंत्राच्या जाळीत बसतं, मग मोटार तापते. कुटताना नाकातोंडावर मास्क हवाच, त्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. पोती जमिनीवर टेकवू नका, लाकडी फळ्यांवर रचा. आणि कुटलेली पानं त्याच दिवशी पोत्यात बांधून कोपऱ्यात लोटू नका. यंत्रातून गरम निघालेलं किंवा किंचित ओलं पान पोत्यात आतून तापतं. एक रात्र पसरून ठेवा, मग भरा.

चिरेबंदी

पानांचं वर सांगितलंय ते झालं की बांधकाम सोपं आहे. ७५ किलो कचरा आणि ३० किलो पानं मिळून रोज साधारण ३५० लिटर मिश्रण होतं, दहा दिवसांत ते दबून अडीच-पावणेतीन घनमीटर उरतं. म्हणून टाकी आतून दीड बाय दीड मीटर, उंची १.२ मीटर. अशा ६ एका ओळीत: एक भरती (रोजचा कचरा टाकायची), चार तापत्या (भरून तापत असलेल्या), एक रिकामी. रिकामी टाकी हीच सगळ्यात महत्त्वाची, कारण पलटायला जागा तीच. जागा वाचवायला पाचच बांधल्या की पलटणं बंद होतं आणि पाठोपाठ वास येतो. भिंती धरून लांबी साडेदहा मीटर होईल, तुमच्या जागेत बसते.

भिंती चिऱ्यांच्याच करा. खालच्या दोन थरांत दोन चिऱ्यांमध्ये चार बोटं फट सोडा आणि फटीला आतून अर्ध्या इंचाहून लहान भोकांची लोखंडी जाळी लावा, नाहीतर घुशी येतील. पुढची बाजू उघडी, खाचेत बसणाऱ्या लाकडी फळ्यांची: ढीग वाढेल तशी एकेक फळी चढवायची, काढताना एकेक उतरवायची. तळ सिमेंटचा, मीटरला दोन सेंटीमीटर उतार, पुढे नाली आणि नालीच्या टोकाला झाकणाचा पिंप. तुमच्याकडे खाली वाडा आहे, तिथे विहिरी असणार. जांभा सच्छिद्र असतो, वरचं पाणी बघता बघता खाली उतरतं. म्हणून तळ कच्चा ठेवून चालणार नाही, आणि कुठल्याही विहिरीपासून टाक्या निदान १५ मीटर दूर हव्यात.

छप्पर म्हणजे नुसता वर पत्रा नव्हे. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका दिवशी १०० मिलिमीटर पडला तर या मापाच्या उघड्या टाकीत २२५ लिटर पाणी जातं. त्यात पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, तेव्हा त्या बाजूला पत्रा भिंतीच्या बाहेर एक मीटर काढा आणि माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा लावा. वर हातभर मोकळं सोडा, वाफ जायला वाट हवी. पन्हळ लावून पत्र्याचं पाणी लांब सोडा. उंची अडीच मीटर ठेवा, नाहीतर फावडं उचलताना माणूस पत्र्यावर आपटतो.

टाकीच्या तळाला १५ सेंटीमीटर सोडणांचा (नारळाच्या बाहेरच्या सालींचा) थर द्या, बाहेरची गुळगुळीत बाजू वर करून. सोडणं लवकर कुजत नाहीत आणि इथे तोच त्यांचा गुण: खालून हवा खेळती राहते. खत चाळल्यावर तीच परत पुढच्या टाकीच्या तळाला जातात. करवंट्या मात्र ढिगात घालू नका, त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात.

मोजमाप

रोजच्या कामाबद्दल राहिलं. कचरा आला की आधी गाळा. पेज, सांबार, हुमण (मासळीची आमटी) यांचं पाणी जाळीच्या पाटीतून निथळू द्या. त्यातलं मीठ आणि तेल ढिगाला नको असतं, मिठाने खताची क्षारता वाढते आणि रोपांची मुळं जळतात. भाताचे गोळे दाताळ्याने फोडा. मुठीएवढा गोळासुद्धा आत हवेविना आंबतो आणि आंबूस वास तिथूनच सुटतो. मग फरशीवर पानांशी नीट कालवून टाकीत टाका. थरावर थर देण्याची पद्धत पुस्तकात छान दिसते, पण मेसच्या कचऱ्याला ती चालत नाही, कालवावंच लागतं. शेवटी वरून चार बोटं कोरडी पानं. ती पसरल्यावर कचऱ्याचा एक तुकडाही दिसता कामा नये.

ओलावा मुठीने बघायचा. आतून मूठभर घेऊन घट्ट पिळा. बोटांच्या सांध्यातून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पानं घाला आणि पलटा. मूठ उघडल्यावर गोळा फुटून भुगा झाला तर पाणी शिंपडा. मार्च-एप्रिलमध्ये हे दुसरं जास्त घडतं, ढीग आतून पांढरट कोरडा पडतो आणि तापमान उतरतं. लोकांना वाटतं खत झालं. झालेलं नसतं, पाण्यावाचून थांबलेलं असतं.

६० सेंटीमीटर दांड्याचा तापमापक घ्या, रोज एकाच वेळी तीन जागी खुपसा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ५५ अंश दिसायला हवेत. टाकी भरली की पहिले १५ दिवस दर तीन दिवसांनी पलटा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. रोगजंतू आणि तणाचं बी मरायला हा मान्य निकष आहे: ५५ अंशांवर १५ दिवस आणि त्यात पाच पलटण्या. ६५ च्या वर गेलं तर वेळापत्रकाची वाट न बघता पलटा, त्यापुढे कामाचे जिवाणूच मरायला लागतात. नंतर दहा दिवसांतून एकदा पुरे. ४० दिवसांनी बाहेर काढून छपराखाली आणखी ४५ दिवस मुरू द्या.

वासावरून दोष कळतो. कुजक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही. डोळे चुरचुरतील असा अमोनियाचा आला तर नत्र जास्त, पानं कमी. दोन्हीला औषध एकच, पानं घालून पलटणं. चुना टाकून वास मारायला जाऊ नका, चुन्याने अमोनिया उलट जोरात उडतो आणि नत्र फुकट जातं.

पिंपात जे काळं पाणी जमतं ते तापत्या टाकीवर परत घाला. पिंप वरचेवर भरत असेल तर ढीग फार ओला आहे असं समजा. झाकण घट्ट हवं, डास तिथेच अंडी घालतात. ते पाणी पालेभाजीवर कधीही शिंपडू नका.

पठारावरून

पानं जाळणं थांबवायला उद्याच सांगतो. भुंग्याचं आणि मासळीचं कोणी सांगेल का? वाड्यावरचे लोक सगळ्यात जास्त तेच विचारतात.

कुळागरवाले

भुंग्याची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. गेंडा भुंगा अंडी घालतो ती शेणखताच्या खड्ड्यात, कुजलेल्या माडाच्या खोडात आणि पालापाचोळ्याच्या ढिगात. माड पोखरतो तो पूर्ण वाढलेला भुंगा: शेंड्याचा कोंब खातो आणि पुढे झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. वाड्यावर एखाद्या माडाची अशी झावळी आत्ताच दिसत असेल तर तिचा फोटो आणि तारीख नोंदवून ठेवा. भुंगा आधीपासून आहे की ढिगामुळे आला, हा वाद पुढे त्यावरच मिटेल.

तापत्या टाकीत त्याची अळी टिकत नाही, ५५ अंशांत ती मरते. धोका आहे तो मुरायला ठेवलेल्या थंड ढिगात आणि आवाराच्या कोपऱ्यात विसरलेल्या पाचोळ्यात. अळीला पूर्ण वाढायला तीन महिने किंवा जास्त लागतात. त्यामुळे मुरणारा ढीग ४५ दिवसांहून जास्त ठेवू नका, त्यातही १५ दिवसांनी एकदा खालपर्यंत उलथा आणि वरून बारीक जाळी टाका. तयार खत पोत्यात भरून लगेच वाटा. पडलेले माडाचे ओंडके आवारात कुजत ठेवू नका, ते ढिगापेक्षा वाईट.

अळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण लोक कुठलीही अळी दिसली की घाबरतात. चपटी, करडी-तपकिरी, कड्याकड्यांची, पाय नसलेली, दोन सेंटीमीटरची अळी ही काळ्या सैनिक माशीची. ती कचरा खाते, माडाला काही करत नाही. अशा अळ्या फार झाल्या तर ढीग ओला आहे एवढाच अर्थ. पांढरी, गुबगुबीत, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची आणि पुढे सहा पाय असलेली दिसली तर तिला सपाट फरशीवर ठेवा. उताणी होऊन पाठीवर सरपटत चालू लागली तर ती फुलभुंग्याची, निरुपद्रवी. कुशीवर वळलेलीच पडून राहिली आणि अंगठ्याएवढी जाड असली तर ती गेंडा भुंग्याची. ती वेचून मारायची, आणि मुरणाऱ्या ढिगात मेटारायझियम बुरशी मिसळायची. ही बुरशी अळीला लागते. मेलेली अळी आधी कडक होते, मग तिच्यावर हिरवी पूड धरते. ती अळी फेकू नका, ढिगातच राहू द्या, तिच्यापासून पुढच्या अळ्यांना लागण होते. जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात याबद्दल विचारता येईल.

ढिगात हात घालताना गमबूट आणि जाड हातमोजे, रोज. उबेला साप येतात आणि उंदरांच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस होतो. पावसात पायाला जखम असेल त्याला त्या दिवशी काम देऊ नका.

रापणकाठ

मासळीबद्दल. पहिले तीन महिने अजिबात घेऊ नका. ढीग नेमाने ५५ अंश गाठतोय हे वहीत दिसल्यावरच सुरू करा. गोव्यातल्या घरांकडून मासळी कायमची बंद करायला सांगणं म्हणजे लोकांनी ती लपवून बादलीत टाकायला लावणं. त्यापेक्षा उघडपणे, वेगळ्या बादलीत घ्या.

झाकणाची छोटी बादली, तळाला दोन मुठी लाकडाचा भुसा. डोकी, आतडी, खवलं आली की वरून परत भुसा. भुशात नत्र नगण्य असतं आणि मासळीत भरपूर, म्हणून जोडी जमते. आलेल्या दिवशीच ५० अंशांच्या वरच्या टाकीत मधोमध हातभर खड्डा करून पुरा, वर वीतभर पानं. प्रमाण त्या दिवसाच्या ओल्या कचऱ्याच्या पाच टक्क्यांत ठेवा, म्हणजे तुमच्या मापात पावणेचार किलो. भरत्या टाकीत वरवर टाकलेलं एक बांगड्याचं डोकंसुद्धा रात्री कुत्र्यांना फळ्या ओढायला पुरतं. मासळी पुरलेली टाकी चार दिवस पलटू नका, एरवीची पलटणी तेवढी पुढे ढकला.

सुंगटांची (कोळंबीची) सालं चालतात, लवकर विरघळतात. तिसऱ्या आणि खुब्यांच्या शिंपल्या मात्र खतात जशाच्या तशा राहतात आणि पायाला लागतात. त्या वेगळ्या घ्या, धुऊन वाळवून कुटा. आपल्या आम्लधर्मी मातीत शिंपल्यांची पूड घातली तर चुन्याचंच काम करते.

पंचायतवारी

तोंडी होकारावर बांधकाम सुरू करू नका. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, तोही स्थानिक संस्थेच्या भागीदारीत, हे २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं; त्यांच्या जागी आता २०२६ चे नियम आलेत. कॉलेजने पंचायतीकडे उपकार मागायला जायचं नाही, भागीदार म्हणून कागद करायचा. त्यात चार गोष्टी नावानिशी असू द्या: रोजच्या दोन कामगारांचा पगार कोण देणार, मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत किल्ली कोणाकडे, न वर्गीकरण केलेला कचरा परत करण्याचा हक्क कोणाला, आणि तयार खताची वाटणी.

विद्यार्थ्यांच्या भरवशावर रोजचं फावडं ठेवू नका. परीक्षा लागल्या की तीन आठवडे कोणी येत नाही आणि ढीग तेवढं थांबत नाही. ७५ किलोला दोन माणसं रोज अडीच तास आणि पलटण्याच्या दिवशी आणखी दोन, हे पगारी काम आहे. विद्यार्थ्यांनी तापमान, वजनं, ओलावा यांची वही ठेवावी आणि पहिल्या महिन्यात घरोघर जावं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत हे बसतं.

वर्गीकरण दारातच पारखा. बादली उलटी करून बघायला अर्धा मिनिट लागतो. प्लास्टिक, डायपर, फळांवरचे स्टिकर दिसले तर त्याच माणसाला शांतपणे दाखवून परत द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याची बादली स्वच्छ आली की तसं आवर्जून सांगा. पोफळीच्या विरीच्या (झावळीच्या बुडाकडच्या रुंद सालीच्या) पत्रावळी फाडून घेता येतात. ‘कंपोस्टेबल’ छाप असलेले प्लास्टिकचे पेले मात्र घेऊ नका, बहुतेकांना या टाक्यांत मिळते त्याहून जास्त वेळ सतत उष्णता लागते.

वाटणीचा साधा नियम: वाळलेली पानं भरलेली तीन पोती आणून दिली की पाच किलो खताची चिठ्ठी. रोजच्या १०५ किलो मिश्रणातून ३० किलोच्या आसपास खत हाती येतं, त्यामुळे एवढं देणं परवडतं. आणि तुम्हाला गरज ओल्या कचऱ्यापेक्षा पानांची आहे, तेव्हा मोबदला पानांवरच ठेवा. काजूचा हंगाम लागला की भट्टीवाले बोंडांचा चोथा घेऊन येतील. तो गोड आणि आंबट असतो, एकदम घेतला तर ढीग आंबतो. दिवसाला दहा किलोच्या वर नाही, आणि त्याला दुप्पट घमेली पानं वेगळी.

पठारावरून

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा टाक्या, ४५० पोती आणि कागद आधी, असं ठरवतोय. शेवटचं: खत खरंच तयार झालं हे वाटण्याआधी कसं तपासायचं? कच्चं खत वाड्यावर गेलं तर दुसऱ्यांदा कोणी घेणार नाही.

कुळागरवाले

दोन परीक्षा, दोन्ही फुकट. मूठभर खत ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून गच्च बांधा आणि तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास आला तर तयार. आंबूस किंवा अमोनियाचा आला तर अजून तीन आठवडे मुरू द्या.

दुसरी बियांची. एका कुंडीत निम्मं खत निम्मी माती, दुसरीत नुसती माती, दोन्हींत अळसांद्याचे (चवळीचे) दहा-दहा दाणे. आठवड्याने मोजा. खताच्या कुंडीत दोनपेक्षा जास्त दाणे कमी उगवले किंवा पहिल्या पानांच्या कडा करपल्या, तर खत कच्चं आहे किंवा त्यात मीठ जास्त आहे. कोणतं ते पिशवीच्या वासावरून कळेल: वास चांगला आणि पानं करपलेली असतील तर मीठ, म्हणजे मेसचं सांबार नीट निथळत नाहीये.

चाळायला ४ मिलिमीटरची जाळी घ्या. सरकारी खत मानकात ९० टक्के खत त्यातून जावं असं आहे. वर राहिलेलं फेकू नका, नव्या टाकीत विरजण म्हणून दोन घमेली घाला. माडांना देणार असाल तर मोठ्या माडाला वर्षाला २५ ते ५० किलो, बुंध्यापासून दोन मीटरच्या आळ्यात, मिरगाचा पाऊस लागून माती नीट भिजली की. बुंध्याला चिकटवून ओतू नका.